आवाज बसलेलं घड्याळ

माणसाचा घसा बसतो, भिंत बसते, चालता धंदा बसतो. आमच्या दुकानात घड्याळाचाही आवाज बसतो. “बाई, याचा आवाज बसला,” म्हणत गिऱ्हाईक घड्याळ काउंटरवर ठेवतं. मी आधी घड्याळाकडं पाहत नाही, गिऱ्हाइकाच्या केसांकडं पाहते. केस पांढरे असतील तर झाकण उघडायची घाई करत नाही. काहून, ते पुढं सांगते.

दुकान दिग्रसला, बस स्टँडच्या अंगाला. तसं ते यांचं, म्हणजे माझ्या मालकांचं. पाटीवर अजून यांचंच नाव आहे, आणि नवीन माणूस अजूनही दारात उभा राहून विचारतो, “घड्याळवाले कुठं गेले?” गेले, असं सांगितलं की म्हणतो, “बरं, मग संध्याकाळी येतो.” भल्या माणसा, संध्याकाळी तरी कुठून येतील! पण मी तसं म्हणत नाही. “मीच घड्याळवाली, दाखवा काय आहे ते,” म्हणते. मग तो घड्याळ असं जपून पुढं करतो, जसं काही मी त्यावर पोळ्या लाटणार आहे.

हे चावीच्या घड्याळांचे कारागीर होते. डोळ्याला भिंग लावून बसले की जेवणाची शुद्ध नसायची. डिजिटल घड्याळाचा मात्र त्यांना भारी राग. “ज्याच्यात चाक नाही त्याले घड्याळ कायले म्हणायचं? खेळणं हाय ते,” असं म्हणून दुरुस्तीला आलेलं डिजिटल ते बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचे आणि गिऱ्हाइकाला ‘होत नाही’ म्हणून सांगायचे. मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बापाची लेक. डाग देणं, म्हणजे सोल्डरनं तार जोडणं, मी परकर नेसायच्या वयात शिकले. एका दुपारी हे वामकुक्षीला गेले असताना मी तो डबा उघडला. संध्याकाळपर्यंत त्यातली दोन घड्याळं बोलायला लागली होती. दुसऱ्या दिवसापासून डिजिटल आलं की, “तिकडं द्या, बाईसाहेबांकडं,” असं होऊ लागलं. माझी नेमणूक अशी झाली.

त्या डब्यात माझा जीव अडकला तो नकाशावाल्या घड्याळांत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. या घड्याळाच्या काचेत एका कोपऱ्यात नखाएवढा जगाचा नकाशा असतो. बटण दाबलं की नकाशातला एक उभा पट्टा काळा होतो, खाली शहराच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं येतात आणि त्या गावी आत्ता किती वाजले ते दिसतं. ज्यांची माणसं कमवायला आखातात गेली त्यांच्यामार्फत ही घड्याळं आमच्याकडं आली. सौदी असो की कुवेत, आमच्या गावात सगळ्याला दुबईच म्हणतात. दुबईवाल्यानं येताना आणायच्या वस्तू ठरलेल्या : अत्तर, ब्लँकेट आणि नकाशावालं घड्याळ.

गिऱ्हाईक एकेक नमुन्याचं. कळंबचे एक गुरुजी आठवतात. त्यांच्या मेहुण्यानं दिलेलं घड्याळ कुठल्या तरी नकली कंपनीचं होतं. आपली वेळ ही अशी अडनिडी, लंडनच्या साडेपाच तास पुढं. त्या कंपनीनं अर्धा तास टाळण्यासाठी आपला देशच गाळला होता. कराचीनंतर एकदम ढाका. गुरुजी संतापून आले. “बाई, यात दिल्ली टाकून द्या.” मी म्हटलं, “गुरुजी, ते आत चिपमधी असते. माह्या हातात नाही.” “मग कराची तरी काढा.” “तेही नाही निघत.” ते म्हणाले, “म्हणजे आपण जगात आहोत का नाही?” मी त्यांना चहा पाजला. ते घड्याळ त्यांनी माझ्याकडंच टाकलं, माझ्या संग्रहातलं ते पहिलं. अजून चालतं, आणि आपण अजूनही त्यात नाही.

आता धंद्यातलं थोडं. या घड्याळाला काटे नाहीत, चाकं नाहीत. आत एक चिप, एक सेल आणि वर काच. काचेवर एक पातळ पापुद्रा असतो, आकडे दिसतात ते त्या पापुद्र्यामुळं. घामानं, उन्हानं तो जळतो आणि काच तपकिरी, आंधळी होते. घड्याळ आतून चालूच असतं, फक्त दिसत नाही. जुना पापुद्रा पात्यानं खरवडून काढायचा, डिंक पेट्रोलनं पुसायचा आणि मोडक्या कॅल्क्युलेटरचा पापुद्रा कापून तिथं बसवायचा. तो आडव्याचा उभा बसला तर सगळं उलटं होतं, काळ्यावर पांढरे आकडे. एका कंडक्टरनं तर मुद्दाम तसंच करून घेतलं होतं. “सगळ्यायपेक्षा वेगळं दिसलं पाहिजे, मावशी.”

वाजतं कसं, तर मागच्या झाकणाला आतून पितळेची एक पातळ चकती चिकटवलेली असते. एक बारीक स्प्रिंग तिला टेकते आणि चकती थरथरते. तोच तो टीं-टीं आवाज. आणि सगळ्यात मोठी गोम अशी की सेल काढला की घड्याळ सगळं विसरतं. वेळ, गाव, लावलेला गजर, सगळं कोरं. नव्या सेलवर ते पहिल्या दिवसापासून सुरू होतं. गिऱ्हाइकाला त्याचं काही वाटत नाही, वेळ लावून दिली की झालं.

करीमचाचांना वाटत होतं.

ते ढाणकीचे. दोन एसट्या बदलून दिग्रसला यायचे, कारण उमरखेड-पुसदच्या दुकानदारांनी त्यांना हसून वाटेला लावलं होतं. हे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि मी दुकान विकावं म्हणून चार लोक रोज शहाणपण शिकवत होते. चाचांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून घड्याळ. काच पार जळालेली. “सेल टाकायचा हाय,” ते म्हणाले, “पण यातलं काही पुसलं नाही पाहिजे.”

त्यांचा पोरगा सलीम जेद्द्याला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. तिथंच गेला आणि मातीही तिथंच झाली. सामानाच्या पेटीत हे घड्याळ आलं. आंधळं झालेलं, पण रोज दुपारी चहाच्या वेळेला वाजायचं. “तो तिथं याच टायमाले जेवून उठे,” चाचा म्हणाले. “मंग घरी फोन लावे. त्यानं लावलेला गजर हाय हा.”

मी दुकानदारी अक्कल चालवली. “चाचा, केव्हा वाजते ते मले सांगा ना. सेल टाकून मी बरोबर तोच टाइम लावून देते.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. “बाई, मंग तो तुह्या हातचा होईन. मले त्याच्या हातचा पाहिजे.”

खरं सांगते, मला तेव्हा रडूच आलं. यांचा सदरा मी धुतला नव्हता अजून, त्याला कारण काय, हे मला कुणी विचारलं असतं तर मी हेच म्हटलं असतं. पोराची कबर समुद्रापलीकडं, तिथं चाचांना जाता येणार नव्हतं. त्याच्या बोटानं दाबलेलं एक बटण अजून रोज वाजत होतं. तेवढंच उरलं होतं.

मी डोकं लढवलं. दोन बारीक तारांना एक सेल जोडला, तो कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरला आणि त्या तारा घड्याळात सेल टेकतो त्या दोन्ही टोकांना टेकवून ठेवल्या. मग आतला सेल काढला, नवा बसवला आणि बाहेरच्या तारा काढून घेतल्या. चिपला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी ढाणकीहून बस स्टँडवरच्या फोनवर चाचांचा निरोप आला, “वाजलं!” बस, एवढंच. पुढं दर दोन-तीन वर्षांनी ते याच कामासाठी यायचे. काचेचं काम करू का, असं मी दरवेळी विचारायची. ते नको म्हणायचे. काचेसाठी सगळं घड्याळ सोडवावं लागतं आणि पुसलं गेलं तर काय, ही त्यांना धास्ती. दिसत नसलं तरी चालेल, वाजलं पाहिजे.

मग एकदा ते सेल संपायच्या आधीच आले. रुमाल काढला, घड्याळ ठेवलं. “बाई, याचा आवाज बसला.”

मी सेल मोजला, भरलेला होता. म्हटलं, वाजायची वेळ जवळच आहे, बसा. आम्ही दोघं त्या घड्याळाकडं पाहत बसलो. ते वाजलं. चांगलं खणखणीत वाजलं. चाचा माझ्या तोंडाकडं पाहत होते. “वाजलं का?” त्यांनी विचारलं.

हे मी एकदा घरात पाहिलं होतं. यांच्या शेवटच्या वर्षात एका डिजिटलवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते म्हणायचे मुकं आहे, मी म्हणायची वाजतंय, आणि घड्याळ यांच्या हातात टीं-टीं करत होतं. “मले बहिरा समजते का? एसटीचा भोंगा येते मले ऐकू!” भोंगा येतो. जाडा आवाज शेवटपर्यंत येतो. वय झालं की आधी जातो तो हा बारीक आवाज. कान सगळे एकदम जात नाहीत, कडेकडेनं जातात. यांना ते पटलं नाही. पटायला वेळही राहिला नाही.

चाचांशी खोटं बोलता आलं असतं. स्प्रिंग खराब झाली म्हणून सांगायचं, त्यांना खुशीत परत पाठवायचं. पण ते घरी जाऊन रोज त्या वेळेला कान लावून बसले असते आणि रोज त्यांना वाटलं असतं की पोरगा गप्प झाला. गजर अजून सुरूच होता. मी त्यांचं बोट धरलं आणि मागच्या झाकणावर टेकवलं.

ते दचकले. “मुंगी चालून राह्यली, बाई.”

“तेच ते चाचा. वाजून राह्यलं.”

गजर थांबला. त्यांनी बोट उचलून पाहिलं, परत टेकवलं. मग म्हणाले, “म्हणजे ते बरोबर हाय. मीच गेलो.” मी त्यांना कानाचं सगळं समजावून सांगितलं, हॉर्न ऐकू येतो, हे येत नाही, वयाचं आहे. ते मान हलवत ऐकत होते. “म्हणजे एसटीचा भोंगा राह्यला अन् सलीम गेला,” ते म्हणाले. “वा रे न्याय!”

मला एकच उपाय सुचला. गजर होतो तेव्हा काचेवर घंटीची एक बारीक खूण लुकलुकते. काच चांगली झाली तर ऐकू आलं नाही तरी दिसेल. पण त्यासाठी घड्याळ सगळं सोडवावं लागणार होतं. चिप एका बाजूला, काच एका बाजूला, आणि तेवढा वेळ सगळा जीव बाहेरच्या दोन तारांवर. एक तार हलली की सलीमचा गजर कोरा.

“पुसलं तं नाही ना जाणार?”

“हात थरथरला तर जाईन.”

“मंग थरथरू नको ना!” चाचा म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं. बाहेर कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगकडं चालले होते, त्यांच्या हादऱ्यानं आमचं टेबल हलतं, म्हणून टेबलाच्या पायांखाली पोत्याच्या घड्या घातल्या. यावेळी तारा नुसत्या टेकवून भागणार नव्हतं, डाग द्यायचा होता. सोल्डरची सळई तापवली आणि आधी तिचा प्लग भिंतीतून काढला, कारण विजेचा एखादा कण जरी आत गेला तरी चिप जाते. दोन डाग दिले. बाहेरच्या सेलचा चिमटा चाचांच्या हातात दिला. “हा सोडायचा नाही. शिंक आली तरी नाही.” त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

मी काच काढली. जळका पापुद्रा खरवडताना माझं लक्ष पात्यावर कमी आणि त्यांच्या बोटांवर जास्त होतं. ती पांढरी पडली होती. मी म्हटलं, “चाचा, श्वास तं घ्या.” ते म्हणाले, “तू तुह्यं कर.” नवा पापुद्रा आधी उभा लागला, मग फिरवून आडवा केला. काच परत बसवली, चौकट दाबली, आतला सेल परत घातला, बाहेरच्या तारा सोडवल्या, स्क्रू आवळले.

आकडे आले. कोरे नाही, चालू आकडे. सेकंद पळत होते, कोपऱ्यात नकाशा होता, घंटीची खूण जागेवर होती. खाली तीन अक्षरं : जे, ई, डी.

“काय लिहिलं हाय?”

“जेद्दा.”

चाचांनी घड्याळ हातात घेतलं. सलीम गेल्यापासून त्यांनी त्याची वेळ पाहिली नव्हती. भिंतीवरच्या आमच्या घड्याळापेक्षा ती जवळपास अडीच तास मागं होती. “तिथं अजून दिवस उरला हाय,” ते म्हणाले. घड्याळ इतक्या वर्षांत काही मिनिटं पुढं गेलं होतं. तेवढं नीट करू का, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि त्यांनी हातानंच नको म्हटलं. डोळे पुसले, रुमाल त्याच घड्याळाचा. मग दोन एसट्यांचा प्रवास करून ते घरी गेले. माझ्या सगळ्या कारागिरीत मला अभिमान वाटावा असं काम हे एकच. त्याचा फोटो नाही, काही नाही.

पुढचा सेल टाकायला चाचा आले नाहीत.

माझी लेक प्रज्ञा नर्स आहे. ती आयर्लंडला जायला निघाली तेव्हा तिनं माझ्या संग्रहातून एक घड्याळ निवडलं, लंडनवर लावलं, कारण तिच्या गावाची वेळ तीच, आणि गजर लावून माझ्या हातात दिलं. “आई, हे वाजलं की समज, मी रात्रपाळी करून खोलीवर आली.” आपल्याकडं तेव्हा दुपार कललेली असते. सुरुवातीला गजर झाला की मी फोन लावायची आणि ती पहिल्या घंटीला उचलायची. मग तिकडचा उन्हाळा आला. “आई, काहून उशीर करून राह्यली रोज? मी तासभर वाट पाह्यते.” मला वाटलं घड्याळ मागं पडलं. दोन दिवस माझी झोप उडाली. मग तिनंच सांगितलं की तिथं उन्हाळ्यात सरकार सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढं करतं. ही गोष्ट ऐकायला हे हवे होते! गावभर सांगत फिरले असते. पण मी गजर बदलला नाही. तो तिच्या बोटानं लावलेला होता.

आता तिच्या पाळ्या बदलल्या, तिचा संसार झाला, फोन रविवारचा झाला. तिचा दोष नाही. घड्याळ मात्र रोज त्याच वेळेला वाजतं. आता माझ्या संग्रहात बरीच नकाशावाली आहेत, पुण्या-मुंबईचे हौशी लोक फोन करतात, ‘व्हिंटेज आहे का’ विचारतात. जसली हे भंगार म्हणून डब्यात टाकायचे तसलीच ही. मी विकत नाही. ती सगळी मी घरात मांडली आहेत, प्रत्येकाचं गाव वेगळं. तासाला सगळी मिळून टीं-टीं करायची, एखादं पुढं, एखादं मागं. एकट्या बाईच्या घरात ती तेवढीच सोबत. भांडी घासता घासता मी म्हणायची, ऐकलं बाप्पा, ऐकलं.

गेल्या काही महिन्यांत घर गप्प झालं. मी सेलवाल्याला शिव्या दिल्या, हल्लीचा माल नकली. दोन-चार घड्याळांच्या स्प्रिंगा ताणल्या. फरक पडेना. दुकानातही एक-दोन गिऱ्हाइकांना मी सांगितलं, आवाज बसला, चकती बदलावी लागेल. त्यांनी माझ्याकडं विचित्र पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दुसऱ्याचे पांढरे केस दिसतात, आपले आरशात दिसले तरी आपले वाटत नाहीत.

परवाच्या रविवारी प्रज्ञाचा फोन आला. मी खुर्चीत, समोर टेबलावर तिचं घड्याळ. इकडचं तिकडचं बोलणं चालू होतं, पोराचे दात, पाऊस. मधेच ती थांबली.

“आई, मांगं काय वाजून राह्यलं?”

“कुठं काय?”

“टीं-टीं. माह्यं घड्याळ ना ते? अजून चालू हाय?”

मी घड्याळाकडं पाहिलं. घंटीची खूण लुकलुकत होती. फोन कानाशी तसाच ठेवून मी दुसऱ्या हातानं घड्याळ उचललं आणि बोट मागच्या झाकणावर टेकवलं.

“हो,” मी म्हटलं. “चालू हाय.”

“कित्ती जोरात वाजते! मले इतक्या दुरून ऐकू येऊन राह्यलं. तुह्यं तं डोकंच उठत असंन.”

“उठते ना,” मी म्हटलं. बोटाखाली मुंगी चालत होती.